कोंबडीच्या खाद्यातील वनौषधी : उपयोग किती, भरवसा किती?

“ब्रॉयलर नको, गावठी असेल तर द्या. ब्रॉयलरला इंजेक्शने देऊन फुगवतात.” पेणच्या बाजारात किंवा रोह्याच्या कुठल्याही चिकन सेंटरवर रविवारी सकाळी हे वाक्य हमखास कानावर पडते. अलीकडे त्याच्या जोडीला दुकानदाराचे एक वाक्य आले आहे : “घ्या बिनधास्त, हा हर्बल माल आहे.” यातले गिऱ्हाइकाचे म्हणणे जवळजवळ पूर्ण चुकीचे आणि दुकानदाराचे अर्धेमुर्धे खरे आहे. हे नीट समजून घेणे खाणाऱ्याच्या आणि पाळणाऱ्याच्याही हिताचे आहे, कारण आपल्या दोन्ही तालुक्यांत भाताच्या एका पिकावर भागत नाही म्हणून घरामागे कोंबड्यांची शेड टाकलेली कुटुंबे आहेत.

आधी इंजेक्शनाची गोष्ट निकालात काढू. ब्रॉयलरचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा सुमारे ४० ते ४५ ग्रॅमचे असते. ३५ ते ४० दिवसांत ते दोन किलोच्या घरात जाते. गावठी कोंबडीला दीड किलो व्हायला सहा महिने लागतात, त्यामुळे लोकांना संशय येतो हे स्वाभाविक आहे. पण हा वेग इंजेक्शनातून आलेला नाही. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत सर्वांत वेगाने वाढणारे नर-माद्या निवडून त्यांचीच पैदास करत गेल्यामुळे तो आला आहे. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे. ते खाद्यातून दिले तर पोटात पचून जाते, आणि टोचायचे म्हटले तर हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा टोचावे लागेल. ज्याने दोन हजार पक्ष्यांची शेड एकदा तरी सांभाळली आहे, तो या कल्पनेवर हसेल. पक्ष्यांना दिली जाते ती लस. मानमोडी म्हणजे राणीखेत आणि गंबोरो या रोगांची लस बहुधा डोळ्यात थेंब टाकून किंवा पिण्याच्या पाण्यातून देतात.

खरी काळजी कशाची?

काळजी करायचीच तर ती प्रतिजैविकांची, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो त्या औषधांची. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक सापडले. त्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. हे औषध काढून घेतल्यावर उरणारा चोथा कोंबडीच्या पिल्लांना खायला घातला तेव्हा पिल्ले अपेक्षेपेक्षा जोमाने वाढली. स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स हे शास्त्रज्ञ खरे तर बी-१२ जीवनसत्त्वाच्या मागावर होते. पण वाढीमागे जीवनसत्त्वाबरोबर चोथ्यात उरलेला औषधाचा अंशही आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हापासून निरोगी पक्ष्यांनाही खाद्यातून रोज थोडे थोडे प्रतिजैविक देण्याची प्रथा जगभर पडली. पक्षी कमी खाद्यात वजन धरी, मर कमी होई. व्यवसायाला आणखी काय हवे?

अडचण अशी, की रोग बरा करायला लागते त्याहून कमी मात्रेत रोज औषध मिळाले, तर कोंबडीच्या आतड्यातील सगळे जिवाणू मरत नाहीत. जे चिवट असतात ते उरतात आणि त्यांचीच संख्या वाढते. हे चिवट जिवाणू मांस हाताळताना, शेडमधले खत शेतात टाकताना, वाहत्या पाण्यातून माणसापर्यंत येतात. मग आपल्या घरी कुणाला जखम चिघळते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या लागू पडत नाहीत. याला माणसांनी वाटेल तशा घेतलेल्या गोळ्याही तितक्याच जबाबदार आहेत. सगळे पाप कोंबडीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

कोलिस्टिन या औषधाचे उदाहरण पाहा. अतिदक्षता विभागात बाकीची औषधे हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, असे हे शेवटच्या फळीतले औषध. तेच कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास घातले जात होते. २०१५ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की कोलिस्टिनला न जुमानण्याची शक्ती देणारे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते, आणि ते डुकरांत, बाजारातल्या मांसात आणि रुग्णांतही आहे. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. स्वीडनने वाढीसाठी प्रतिजैविके देणे १९८६ सालीच थांबवले होते, तर सबंध युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ साली दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मिळाले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे याबाबतचे अधिक कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत.

एक नियम मात्र आपल्या शेडवाल्यांनी पाठ करून ठेवावा. २०१२ सालापासून जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर, औषध बंद केल्यावर किती दिवसांनी मांस विकावे हे छापणे बंधनकारक आहे. तसे छापलेले नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत असा दंडक आहे. आता हिशेब करा. पक्ष्याचे आयुष्यच ४० दिवसांचे. म्हणजे मुदत न छापलेले औषध बाराव्या दिवसानंतर देताच येत नाही. पक्षी उचलायला चार दिवस उरले असताना शिंका येतात म्हणून पाण्यात पावडर ढवळणे किती घातक, हे यावरून कळावे.

प्रतिजैविकांची ही जागा रिकामी होऊ लागली, तशा वनौषधी पुढे आल्या. नव्याने आल्या असे मात्र म्हणता येणार नाही. लिव्ह-५२ हे यकृताचे औषध १९५५ साली माणसांसाठी आले. घरोघरी माहीत झालेल्या त्या नावाने पुढे पशुपक्ष्यांसाठीही औषधे निघाली. आज खाद्य बनवणाऱ्यांच्या यादीत यकृताचे टॉनिक, पचनाची पावडर, उन्हाळ्यातले अर्क असे काही ना काही वनौषधींचे असतेच.

पावसाळा, मका आणि यकृत

यकृताच्या टॉनिकला एवढे महत्त्व का, याचे उत्तर आपल्या हवेत आहे. ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो, त्याखालोखाल सोयाबीनची पेंड. पेण-रोह्यात मका पिकत नाही. तो घाटावरून आणि परराज्यांतून येतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जून ते सप्टेंबर घरातले पापडसुद्धा मऊ पडतात. अशा हवेत शेडच्या कोपऱ्यात जमिनीवर थप्पी लावलेल्या पोत्यांना बुरशी धरणारच. दाण्यातला ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे फावते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते.

या विषाचा शोधही पक्ष्यांमुळेच लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग कोणता ते कळेना. शेवटी सूत लागले ते ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या बुरशी लागलेल्या पेंडीचे. माणसेही यातून सुटलेली नाहीत. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन शेकड्याने लोक काविळीसारख्या दुखण्याने आजारी पडले आणि त्यांतले पुष्कळ दगावले.

कोंबडीच्या खाद्यात या विषाची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा आहे एका किलोमागे २० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका टन खाद्यात २० मिलिग्रॅम, चिमटीभर मिठाहूनही पुष्कळ कमी! याहून जास्त गेले की पक्षी लगेच मरतो असे नाही. त्याचे यकृत पिवळट, तेलकट होते. एकाच वयाचे पक्षी लहानमोठे दिसू लागतात. दिलेली लस नीट धरत नाही. मग गंबोरो येतो आणि आपण म्हणतो, लस खराब होती. विष पोत्यात असते आणि खापर फुटते लसीवर. शिवाय हे विष उन्हात पसरून किंवा खाद्य गरम करून जात नाही. बुरशी मरते, विष राहते.

अशा वेळी भुईआवळा, किराईत, कुटकी, हळद यांचा काय उपयोग? भुईआवळा पावसाळ्यात आपल्या अंगणात आणि शेताच्या बांधावर उगवतो. काविळीवर तो देणारे जाणकार गावोगाव असत. किराईताचा कडू काढा कोकणातल्या कुणी लहानपणी प्याला नसेल तर त्याचे भाग्य म्हणायचे. या वनस्पतींतली द्रव्ये यकृताच्या पेशींची झीज कमी करतात, असे पक्ष्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. हळदीतल्या करक्युमिनवर तर बरेच काम झाले आहे. अफ्लाटॉक्सिन असलेल्या खाद्यात हळद मिसळली तर यकृताची हानी काही प्रमाणात कमी होते, असा निष्कर्ष निघाला आहे. ‘काही प्रमाणात’ हे शब्द महत्त्वाचे. वनौषधी विष नाहीसे करत नाही. यकृताला ते सोसायला मदत करते. विष आतड्यातच बांधून विष्ठेवाटे बाहेर काढायचे तर त्यासाठी खास प्रकारची माती किंवा यीस्टच्या आवरणापासून केलेली पावडर खाद्यात मिसळतात. आणि या सगळ्याहून स्वस्त उपाय म्हणजे पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवणे आणि पावसाळ्यात गरजेपुरतेच खाद्य मागवणे. फळ्यांची जाहिरात कोणी करत नाही, म्हणून त्या कोणाच्या लक्षात येत नाहीत.

ओवा, लसूण, कडूनिंब

थंडीत आपण पोपटी लावतो तेव्हा मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि वर ओवा टाकतो. त्या ओव्याच्या वासाचे कारण थायमॉल हे द्रव्य. थायमॉल आणि त्याचे भावंड कार्व्हाक्रॉल जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाला भोके पाडतात. म्हणून परदेशातही ओव्याच्या जातीच्या वनस्पतींचे तेल कोंबडीच्या खाद्यात घालतात. पाचक रस वाढणे, आतड्यातल्या उपद्रवी जिवाणूंना आळा बसणे, एवढे काम ते करते. लसणाचेही तसेच, फक्त लसणातले गुणकारी द्रव्य तो ठेचल्यावर तयार होते आणि फार काळ टिकत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पावडरीत किती जोर उरला असेल याचा विचार करावा.

कडूनिंबाबाबत उत्साह आवरावा. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ असे म्हणून पाला वाटून भरमसाट घातला, तर खाद्य कडू होते, पक्षी कमी खातो आणि वजन मागे पडते. कडूपणापायी पक्ष्याने खाद्य सोडले तर औषधाचा उपयोग काय? उन्हाळ्यात आवळा, तुळस, अश्वगंधा देतात त्याला मात्र आधार आहे. कोंबडी आपले क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवते, पण एप्रिल-मे महिन्यांतल्या दमट उकाड्यात ते पुरत नाही. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. अशा वेळी आवळ्याचा उपयोग होतो, पण दुपारी खाद्य बंद ठेवून पहाटे व रात्री घालणे, छपरावर पेंढा टाकून पाणी मारणे आणि पाण्याची टाकी सावलीत ठेवणे याचा त्याहून अधिक होतो.

रक्ती हगवणीबद्दलही एक खुलासा हवा. तो रोग एका सूक्ष्म परोपजीवीमुळे होतो आणि त्याच्या प्रतिबंधासाठी खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधे घालतात. ही माणसांच्या औषधोपचारात वापरत नाहीत, त्यामुळे त्यांचा धोका कोलिस्टिनसारखा नाही. पण एखाद्या मालाला ‘पूर्ण हर्बल’ म्हणताना विक्रेता यांना हिशेबात धरतो का, हे विचारायला हरकत नाही.

जे वनौषधींच्या हाताबाहेर आहे, ते स्पष्ट सांगितले पाहिजे. मानमोडी आणि गंबोरो यांना लसच लागते. बर्ड फ्लूला कुठलाही अर्क अडवत नाही. महाराष्ट्रात तो २००६ साली नवापूरला आला, तेव्हा लांबची गोष्ट वाटली होती. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्या शेजारी, उरण तालुक्यातल्या चिरनेरला आढळला. तिथे गावातल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. आणि शेडमधली भाताच्या तुसाची गादी ओली असेल तर अडुळशाचा अर्क पाण्यात घालून उपयोग नाही. ओल्या गादीतून अमोनिया उठतो, पक्ष्याच्या श्वासनलिकेचे अस्तर जाळतो आणि सर्दीच्या जंतूंना वाट मोकळी करून देतो. शेडमध्ये शिरताच आपले डोळे चुरचुरले, तर पक्षी त्या हवेत चोवीस तास आहे हे ध्यानात घ्यावे. आपणही तिथे रोज दोन-चार तास असतो. घरातल्या बायकांचा खोकला हटत नाही, त्याचे कारण कधी कधी शेडमध्ये सापडते. तूस रोज खालीवर करणे, पाण्याच्या भांड्यांची गळती थांबवणे, ओला भाग काढून चुना भुरभुरणे, पडदे रात्रीसुद्धा वरून थोडे उघडे ठेवणे, हे पावसाळ्यातले खरे औषध.

करारावर कोंबड्या पाळणारा शेतकरी म्हणेल, “खाद्य कंपनीचे, पिल्ले कंपनीची, औषध सुपरवायझर देतो. मी काय ठरवणार?” म्हणणे रास्त आहे. खाद्यात काय मिसळायचे ते त्याच्या हाती नाही. पण पिण्याचे पाणी, गादी, हवा आणि पोत्यांची साठवण ही त्याचीच. शिवाय वजन आणि खाद्याचा हिशेब त्याच्या मोबदल्याला लागतो, त्यामुळे बाहेरून येऊन कोणी बाटली गळ्यात मारत असेल तर ती पारखायचा त्याला अधिकार आहे. बाहेरची बाटली वापरायची तर सुपरवायझरच्या कानावर मात्र घालावी, नाहीतर एकाच पाण्यात दोन औषधे पडायची.

पारखण्याची रीत सोपी आहे. मागच्या बॅचला नव्हते, या बॅचला दिले आणि वजन वाढले, हा पुरावा नव्हे; मागची बॅच श्रावणातली आणि ही दिवाळीनंतरची असेल तर फरक हवेचाच असतो. एकाच शेडमध्ये मध्ये जाळी लावून दोन सारखे भाग करावेत. पिल्ले एकाच गाडीतली, खाद्य एकच. एका भागाला औषध, दुसऱ्याला नाही. दर आठवड्याला दोन्हींकडचे पन्नास-पन्नास पक्षी न निवडता, हाताला येतील तसे तोलावेत. मर आणि खाल्लेले खाद्य लिहून ठेवावे. हजार पक्षी दोन किलोचे झाले म्हणजे दोन हजार किलो वजन. त्यात किलोमागे ५० ग्रॅम खाद्य वाचले तरी शंभर किलो, म्हणजे पन्नास किलोची दोन पोती वाचली. औषधाचा खर्च या दोन पोत्यांहून कमी असेल तर ते परवडले. घरची हळद घालायची म्हटली तरी हाच हिशेब लागतो. हजार पक्षी मिळून सुमारे ३,३०० किलो खाद्य खातात. त्यात अर्धा टक्का हळद म्हणजे साडेसोळा किलो!

वेष्टनावर वनस्पतींची नावे, त्यांचे प्रमाण, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ते घेऊ नये. सर्व रोगांवर एकच, आणि दोन दिवसांत गुण, असा दावा असेल तर अधिकच सावध राहावे. झाडपाल्याच्या नावाखाली त्यात प्रतिजैविक मिसळलेले असू शकते. तसे असेल तर हर्बल म्हणून विकलेल्या पक्ष्यातही औषधाचे अवशेष राहतात. शंका आल्यास तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. रोह्याजवळ किल्ला येथे कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे विचारावे.

आता गिऱ्हाइकाचे काय? हर्बल हा शब्द ऐकून जास्त पैसे देण्याआधी दुकानाची स्वच्छता पाहावी. मांस घरी आणल्यावर नळाखाली जोरात धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि कोशिंबिरीच्या काकडीवर जातात. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवावा. मांस हाडाजवळ लाल राहणार नाही इतके शिजवावे. पूर्ण शिजलेल्या मांसात चिवट जिवाणू आणि बर्ड फ्लूचा विषाणू दोन्ही टिकत नाहीत. औषधाचे अवशेष मात्र शिजवून सगळे जातातच असे नाही, म्हणून वर सांगितलेले २८ दिवस पाळणे हे शेडवाल्याचेच काम.

शेडमध्ये एकाएकी मर वाढली तर पाण्यात काही ढवळण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये, आणि चिरफाड करायची की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. बाकीचे मेलेले पक्षी भोगावतीत किंवा कुंडलिकेत टाकू नयेत, कुत्र्यांनाही घालू नयेत. पाणवठ्यापासून लांब खोल खड्डा खणून चुना टाकून पुरावेत. आणि त्या दिवशी शेडमधले बूट घराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवावेत.